नदी बंद कर

तंबू दिराचा, मागून आणलेला.
पिशवी उघडल्यावर कळलं, एक दांडी कमी आहे
आणि सूचनांचा कागद आहे चिनी भाषेत.
तालाय तो कागद उलटासुलटा करत राहिला.
त्याचे वडील नमद्याचं अख्खं घर
तासाभरात उभं करायचे,
गप्पा मारता मारता, दातांत गवताची काडी धरून.
मी हे बोलले नाही.
त्यालाही तेच आठवत असणार,
कारण तो उगीचच खाकरला.

शेवटी आर्चाची पडलेली फांदी लावली दांडीच्या जागी.
तंबू उभा राहिला एक खांदा पाडून,
भरली बादली उचललेल्या बाईसारखा.
उद्यानाचा रखवालदार थबकला, तर त्याने काही विचारायच्या आत
सेझिमने सांगून टाकलं,
“आम्ही तोडली नाही, ती आधीच मेली होती.”

मग खारीने बोरसोक पळवला.
सेझिम रडली, बोरसोकसाठी नाही,
खारीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही म्हणून.
बटाटे शिजेनात. इतक्या उंचावर
पाणी नुसतं उकळ्या फोडतं, त्यात धग नसते.
कच्चेच खाल्ले, मीठ लावून, दात शिवशिवेपर्यंत.

रात्र झाली तशी नदी मोठी होत गेली.
दिवसा ती नुसती दिसत होती,
आता दगड गडगडवत थेट उशाशी आली.
दोन झोपपिशव्यांत चौघे.
कोणाचा गुडघा कोणाच्या पोटात, कळत नव्हतं.
एर्मेक उठून बसला. तीन वर्षांचा, टोपी डोळ्यांवर.
“बाबा, नदी बंद कर.”

तालायने काही समजावलं नाही.
बूट चढवले, टॉर्च घेतला,
पाना कुठे आहे असंही विचारलं मला, अगदी गंभीरपणे.
कापडावरून उजेड सरकत सरकत
उतारावर गेला, लहान झाला,
आणि तिथेच राहिला.
खोटं बोलायला एवढा वेळ लागत नाही.
मी मोजत होते. दोनशेपर्यंत मोजलं,
मग भीती वाटली आणि मोजणं सोडलं.

परत आला तेव्हा हात कोपरांपर्यंत ओले.
“चावी पार वर आहे,” म्हणाला, “बर्फाखाली.
जुनी आहे. गंजलीय. थोडीशीच फिरली.”
एर्मेकने कान देऊन ऐकलं,
घरमालकासारखी मान हलवली.
“कमी झाली थोडी,” म्हणाला,
आणि माझ्या दंडावर झोपून गेला.
ते गारठलेले हात तालायने माझ्या पाठीला लावले.
ओरडता येईना, मुलं जागी झाली असती.

पहाटे बाहेर आले तर
काल बुडालेला तो बैलाएवढा दगड
अर्धा उघडा पडलेला, काळा, ओलसर,
आणि नदी त्याच्या पायाशी हळू आवाजात.
मी सातवीला भूगोल शिकवते.
रात्री हिमनदी वितळायची थांबते,
पहाटे पाणी उतरतं, दुपारी पुन्हा चढतं,
फळ्यावर बाण काढून दाखवते मी दर वर्षी.
एर्मेक बापाचं बोट धरून दगडाकडे बघत होता,
मग बापाकडे.
मी चहा गाळत राहिले.

संध्याकाळी बिश्केक. नववा मजला, लिफ्ट बंद,
तंबू, मुलं, पातेली, सगळं पाठीवर.
तालाय बुटांसकट झोपला.
मध्यरात्री काळोखातून आवाज आला,
“कोणी बंद केली?”

घर खरंच भयंकर शांत होतं.
मी उठले, स्वयंपाकघरातला नळ सोडला
करंगळीएवढा,
खाली पत्र्याची बादली ठेवली,
आणि ओट्याला टेकून उभी राहिले
खालच्या मजल्यावरचा म्हातारा
पाइपवर चमचा वाजवेपर्यंत.