टेपाचं दुसरं टोक

जैतापूरच्या खाडीवर, धक्क्याच्या जरा वर,
परकारांचा बंगला. मोजणीला गेलो.
टेपाचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं भिवा तांडेलाकडे. तो इथला राखणदार,
आणि याच घरात चौथी नापास.

जोतं कमरेइतकं. जांभ्या चिऱ्याचे सांधे
शिंपल्यांच्या चुन्यात असे बसलेत
की नख लावलं तर नखच झिजतं.
समुद्राकडे एकही खिडकी नाही.
मला नवल वाटलं. भिवाला नाही.
"दर्यावर जानारा मानूस
घरी येऊन परत दर्याच कशाला बघंल?"

दिवाणखाना एकोणतीस फूट सात इंच.
मधल्या तुळईवर दोराचे वळ,
खोल, गोल, गुळगुळीत.
तुळई नव्हे ती, डोलकाठी.
हमीदुद्दीन परकारांचं गलबत खाडीच्या तोंडाशी फुटलं
तेव्हा घर अर्धं उभं होतं.
लाकूड त्यांनी वाया जाऊ दिलं नाही.
पश्चिमेचा वारा सुटला
की ती अजून करकरते.

नातवंडं केपटाऊनला गेली.
जकातीचे कारकून आले, ओटीला जाळी मारली,
माजघरात मिठाच्या गोण्या रचल्या.
वैशाखातही त्या भिंतीला पाझर असतो.
भिवाची पाठ होती तेवढ्यात
मी बोट लावून चाखली. खारट.

साथीच्या वर्षी वरच्या माळ्यावर खाटा होत्या.
भिंतीवर कोळशाच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या,
शेवटची जुडी तिसऱ्या रेघेवर थांबलेली.
खाली, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात,
तेराचा पाढा.

पश्चिमेच्या भिंतीत एक कमानदार कोनाडा.
मच्छीमार सोसायटीनं त्यात पावतीपुस्तकं ठेवली,
खाली डिझेलची पिंपं; फरशीवर त्यांची वर्तुळं आहेत.
शाळा होती तेव्हा तिथं शाईची बुधली असायची.
"आनि चपला आमी त्या अंगाला काढत नसू," भिवा म्हणाला.
का?
"कोन सांगितलेला नाय. नसू काढत."

संध्याकाळी बेरीज केली.
आतल्या खोल्या, मधल्या भिंती, सगळं धरून.
मग बाहेरून मोजलं. दीड फूट जास्त.
पुन्हा मोजलं. दीड फूट.
भिवा इतका वेळ गप्प होता,
आता हसायला लागला.
"मास्तरांनी आमाला परीक्षेत ह्याच घातलेलान.
घर आतून मोजा, बाह्येरून मोजा.
कुनाचाच जुळला नाय.
बाकीच्यांनी एकमेकांचा बघून लिवला.
मी मोजला तसा लिवला."

पुण्याहून मालकांचा फोन.
सहा खोल्या, सहा बाथरूम,
समुद्राकडची भिंत काढून सबंध काच.
बसेल ना?
बसेल, म्हणालो.

वहीत तो दीड फूट कुठे मांडावा कळेना.
भिवानं टोक सोडलं.
टेप सरसरत आत आला
चिऱ्याची लाल भुकटी घेऊन.