कारिवणा

शाळेत बाई नाव विचारायच्या
तेव्हा माझा क उंबऱ्यालाच अडायचा.
क... क... क...
कुंदा बाहेर येईतो वर्ग हसून मोकळा.

परळीच्या खाली, उरमोडीच्या अंगाला
आमच्या वाडीची पाण्याची टाकी.
तिचा व्हॉल्व्ह बारा महिने गळायचा
आणि गळतीखाली पसरलेला कारिवणा,
बंद्या रुपयाएवढी पानं, काठाला कातरलेली.
चैत्रात सगळा डोंगर तांबडा पडला
तरी तेवढी चार हात जमीन हिरवी.

टाकीवर इलाही मुलाणी.
पाणी सोडायचा, पाणी बंद करायचा,
मधल्या वेळात लोकांना पाला द्यायचा.
पैसे नाही. काडेपेटी दिली तर चालायची.
केस गळणाऱ्या बाळंतिणीला: खोबरेलात कढवून.
दहावीच्या पोरांना: दुधातनं.
(पोरं नापासच व्हायची. तो म्हणायचा,
पाला डोसक्यात जातोय, पुस्तक कोण घालनार?)
दामू गुरवाची पोटरी महिनाभर चिघळली होती,
तिच्यावर ठेचून बांधला, जखम भरली.
दामू पुढं सांगायचा, सिव्हिलच्या मलमानं भरली.
दोन्ही खरं असेल.

मला दोन पानं, रोज, अनशापोटी.
"चाव. लगी गिळू नगंस.
आन् मग नाव सांग ह्येचं."
आई म्हणाली, ब्राह्मी म्हण की, सोपं जाईल.
इलाही म्हणाला, ब्राह्मी निराळी.

तोंडात तुरट, कडसर, ओल्या मातीची चव
आणि तिच्या मागं तो क.
तो थांबायचा.
व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून,
बिडी विझली तरी थांबायचा.
माझा शब्द माझ्या तोंडातून
त्यानं कधी ओढून घेतला नाही.

एकदा वेलीचा धागा उचलून दाखवला:
"बघ, बोटभर गेलं की थांबतंय.
थांबतंय तितं मूळ सोडतंय.
मग फुडं."
आणि खालच्या आळीचं पाणी सोडायला गेला.

आता सातारा स्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागं,
एकोणीस वर्षं माईक माझ्याकडं.
कराड. कोरेगाव. कास. कोल्हापूर.
माझ्या नशिबी गाड्याही सगळ्या क च्या,
वर प्रत्येकीला फलाट *क्रमांक*.
कधीकधी अजून अडतं.
लोकांना वाटतं, माईक खराब आहे.
मी बोटभर थांबते.

पानांनी सुटलं की त्याच्या थांबण्यानं,
ठाऊक नाही. दोन पानं अजून खाते.

इलाही गेल्यावर ग्रामपंचायतीनं व्हॉल्व्ह बदलला.
चांगलाच बसवला, थेंब गळत नाही.
एका उन्हाळ्यात सगळं वाळून गेलं.
त्याआधी मी मातीसकट ढेकूळ आणलं होतं,
ते तेलाच्या डब्यात, स्टँडवरच्या कूलरखाली आहे.
कंडक्टर बनसोडे खरजेसाठी ओरबाडून नेतो,
आठवड्यात पुन्हा कडेनं उतू येतं.

काल खिडकीशी एक पोरगा आला,
दप्तर पोटाशी धरून.
"को... को... को..."
कोरेगाव की कोल्हापूर, कळायला मार्ग नव्हता.
फलाट दोनवर कोरेगावची गाडी
सुरू होऊन धडधडत उभी.
मागची रांग कुरकुरली,
कुणीतरी म्हणालं, अरे बोल की लवकर.

मी माईक बंद केला
आणि चाकावर हात ठेवावा तसा
टेबलावर हात ठेवला.
कूलर ठिबकत होता.