चुलवाणावर कोण होतं

सहाव्यांदा लिहिलेली गोष्ट पिशवीत घालून
मी वडणग्याला गेलो.
बाई आहे मी. आमच्याकडं बायकाही ‘गेलो’च म्हणतात.
गोष्टीतल्या बाईला मात्र मी ‘गेले’ म्हणायला लावलं होतं,
शाळेत मला लावलं होतं तसं.

हिंदुराव चौगले, गुळव्या.
चाळीस हंगाम काहिलीपाशी,
भुवया कधीच्या जळालेल्या.
चिपाडावर पोतं टाकून म्हणाला,
‘वाच. एक कान माझा रसाकडं ऱ्हाईल.’

वाचली.
माझ्या गोष्टीतही एक गुळव्या होता.
त्याची बायको रात्री वारली,
पहाटे तो काहील ढवळत होता
आणि त्याचे अश्रू
टपटप
उकळत्या रसात पडत होते.
‘टपटप’ला मी वेगळी ओळ दिली होती.

हिंदुरावानं मळी काढली.
पुन्हा काढली.
मग म्हणाला,
‘वाफंत माणसाचं तोंड दिसत न्हाई, पोरी.
तुला अश्रू कुठनं दिसलं?’

कल्पना, म्हणालो मी.

‘आसंल. पर त्यो तवा रडायचा न्हाई.
त्यो गोळीकडं बघत आसतोय.
पाण्यात सोडायची, बोटात फिरवायची,
झाली, का अजून दोन कढ.
बायको मेलीया, म्हाईत हाय त्याला.
पर गूळ करपला तर
त्ये बी त्यालाच म्हाईत आसणार न्हवं?’

मी ‘टपटप’ खोडलं.
वाटलं, एवढंच होतं, शिकलो.
वही मिटून उठलो तर मागनं आवाज:
‘आणि चुलवाणावर कोण हुतं?’

कुठल्या?

‘तुझ्या गोष्टीत गं. रस उकळाय लागलाय.
आपोआप?’

सहा खर्डे.
सहाही खर्ड्यांत मी लिहिलं होतं, जाळ ढणाणत होता.
कुणी चिपाड सारत नव्हतं.
रोज चारशे रवे वहीत उतरवतो मी,
शाहूपुरीत, अडत्याच्या पेढीवर,
वाटायचं, गूळ मला ठाऊक आहे.
हिंदुरावानं हनुवटीनं दाखवलं:
पलीकडं, खाली, खड्ड्यात
एक माणूस बसला होता, फक्त कोपर दिसत होतं,
आत, बाहेर, आत.
तासभर मी त्याच्यासमोर वाचत होतो.

परतताना शिवाजी पुलावर बस अडकली.
केसांना काकवीचा वास.
शेजारची बाई म्हणाली, गुऱ्हाळातनं आलास व्हय?
म्हटलं, अजून आलो नाही.

रात्री खड्ड्यात एक माणूस बसवला.
आधी नुसतं नाव दिलं, तर तो हलेना.
मग कळलं, तो मेलेलीचा भाऊ.
दाजी वर, हा खाली,
मधे वाफ.
बहीण गेली म्हणून यानं जाळ कमी केला नाही,
बायको गेली म्हणून त्यानं मागितला नाही.
मी दोघांनाही काही बोलू दिलं नाही.
अवघड गेलं. मला बोलायला आवडतं.
आणि आदल्या संध्याकाळी उंबऱ्यात
ती म्हणाली, ‘येतो हं.’
एवढं एक अक्षर बदललं
आणि ती पहिल्यांदा चप्पल शोधायला वाकली.

अकरा पानांची गोष्ट चौदा झाली, मग नऊ.
फोनवर वाचून दाखवली.
मागं घाण्याचा आवाज.
‘भेंडीचं पाणी लई उशिरा घाटलंयस,’ म्हणाला.
मी लिहून घेतलं.
मग बराच वेळ नुसता घाणाच.

‘आणि त्यो मेव्हणा,
सकाळधरनं जाळाम्होरं हाय.
त्यो जेवला का?’

माहीत नाही मला.
आठवा खर्डा तिथंच अडलाय.
घरात मयत. चूल पेटलेली नाही.
फडक्यात बांधलेली भाकरी त्याच्या गुडघ्याशी आहे,
ती मला दिसते,
कुणी दिली असेल?