आतली खोली

अकरा दिवसांसाठी त्यांनी आमचं घर घेतलं.
रोजचे दोन हजार, चहा त्यांचा, वीजबिल आमचं.
खडकीत, रेल्वेच्या भिंतीला लागून, दोन खोल्या.
दिग्दर्शक म्हणाला, असं एकटं घर सेट लावून मिळत नाही.
मी म्हटलं, नाही मिळत.

सिनेमा बाप आणि लेकीचा.
आम्ही, बाप आणि लेक, आतल्या खोलीत.
पंखा बंद, कारण माइकला तो ऐकू येतो.
दिवा बंद, कारण फटीतून उजेड सांडतो.
गाडी गेली की टेक.
निम्म्या गाड्या तळेगावकडे जातात, हे कुणाला सांगायचं.

बाबांना ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं दारूगोळा कारखान्यात, टेस्टिंगला.
निवृत्तीला घड्याळ मिळालं, ते टिकटिकतं का
हे त्यांनी मला विचारून घेतलं.
तेव्हापासून ते मोठ्याने बोलतात, मी लिहून,
कॅलेंडरच्या उलट्या पानांवर:
गोळी घेतली का. दूधवाला उद्या नाही. भाजी काय करू.
वीस वर्षांचे गठ्ठे पलंगाखाली आहेत
आणि त्यात एकही वाक्य असं नाही
जे शेजाऱ्यांनी वाचलेलं चालणार नाही.

बाहेर जो बाप झाला होता
त्याने बाबांचा स्वेटर मागून नेला. मे महिना,
पण सिनेमात थंडी होती.
जी लेक झाली होती तिने विचारलं, पोळपाट कुठे ठेवता,
आणि दुसऱ्या दिवशी
माझ्यासारखंच कोपराने दार लोटायला लागली.
चांगली मुलगी. डोंबिवलीची.

नवव्या दिवशी माफीचा सीन.
पहिला टेक. दुसरा. "रणपिसे काका, खोकू नका प्लीज."
त्यांना कुठलं ऐकू.
तिसऱ्याला मी अंधारात त्यांच्या तोंडावर हात ठेवला.
त्यांनी तो काढला, उलटा केला,
तळव्यावर बोटाने एक प्रश्नचिन्ह.

मी त्यांचा पंजा ओढून घेतला. किती हलका.
लिहिलं: बाप माफी मागतोय.
ते थांबले. मग रजिस्टरमधलं ते ताठ अक्षर,
एकेक करून:
क शा ब द्द ल

स्क्रिप्ट मला पाठ झाली होती.
त्यात बापाने लेकीला शिकू दिलेलं नसतं.
मी ते लिहिलं नाही.

चौथ्या टेकला लिहिलं: तळेगाव.
पाचव्याला: दाराशी आला होता.
सहाव्याला: तुम्ही म्हणालात मालन घरी नाही. मी इथेच. आत.
कट म्हटलं की दिवा लागायचा
आणि आम्ही हात सोडायचो, ओळख नसल्यासारखे.

सातव्याला बाहेर तो नट रडला. छान रडला.
आत बराच वेळ काहीच आलं नाही.
मग एक बोट. नुसताच एक काना.
तोही त्यांनी पुसून टाकला,
पाटी पुसतात तसा, मनगटाने.

"ओके!" बाहेर टाळ्या.
मी दिव्याकडे हात नेला, तेवढ्यात साउंडवाला म्हणाला,
"एक मिनिट कुणी हलू नका. खोलीची शांतता घ्यायचीय,
मागून भरायला लागते."

त्या मिनिटात बाबांनी लिहिलं.
काय, ते मी कुठल्याही पानावर उतरवलेलं नाही.

दिवाळीनंतर लॉ कॉलेज रोडच्या एका हॉलमध्ये दाखवला.
चाळीस खुर्च्या, निम्म्या रिकाम्या.
पडद्यावर दोघं बोलायची थांबली की
खाली काहीतरी अंथरल्यासारखं ऐकू यायचं,
आमचीच शांतता, मी लगेच ओळखली.
कातडीवरून बोट फिरल्याचा आवाज माइकमध्ये येतो का,
हे त्या मुलाला विचारायचं राहिलं.

मग थंडीचा सीन आला
आणि बाबा खुर्चीतून अर्धे उठून,
भर हॉलमध्ये, कारखान्याच्या आवाजात म्हणाले,
"मालन, तो स्वेटर माझा आहे."
सगळे वळून बघायला लागले.
मी त्यांचा हात धरला आणि लिहिलं,
हो.