टोल वेगळा

बाई, तुमची यादी मिळाली.
पाच दिवसांत एकवीस देवळं.
देवांचं जमेल,
गुडघ्यांचं मी सांगत नाही.

मी इळंगोवन, कुंभकोणमचा. पांढरी गाडी.
डाव्या दाराला पोचा आहे,
तो ट्रकवाल्याने दिलेला, माझा नाही.

आधी एक ध्यानात घ्या,
इथले देव दुपारी झोपतात.
साडेबाराला दार लागलं की चारपर्यंत
राजा आला तरी उघडत नाही,
आणि राजे तर कधीच गेले.
म्हणून सकाळी सहाला निघायचं.
सहा म्हणजे सहा.
केस वाटेत वाळतील.

पहिल्या दिवशी दारासुरम.
तिथे दगडी पायऱ्या आहेत, त्यांतून सूर निघतात म्हणे.
आता त्यांना जाळी बसवली आहे.
लोक परत येऊन गाडीत भांडतात,
कुणी म्हणतो सा, कुणी म्हणतो काहीच नाही.
मला ठाऊक आहे ते एवढंच
की भिंतीलगत चिंचेखाली गाडी लावली
तर दहापर्यंत सीट तापत नाही.

दुसऱ्या दिवशी स्वामिमलै.
साठ संवत्सरांच्या साठ पायऱ्या.
माझं पिंगळ. एक्कावन्नावी.
एका मुलाने वर जाऊन मोजली होती माझ्यासाठी,
खाली येऊन म्हणाला, अंकल, तुमच्यावर तेल सांडलंय.

तिसऱ्या दिवशीची दोन देवळं मी खोडली. रागावू नका.
त्याऐवजी तिरुभुवनमला सेंदामरै अक्कांच्या मागाजवळ बसा,
त्या साडी विकायला बघणार नाहीत,
त्यांना ऐकू कमी येतं,
मागाचा ठोका मात्र चुकत नाही.
तिथे कॉफी पितळी डबऱ्यात मिळते. फुंकर मारू नका,
वरून खाली ओता, निवेल.

तर असं.
एकोणीस वर्षं मी देवळं दाखवतोय,
आणि ती मला बाहेरून पाठ आहेत.
कुठल्या गोपुराची सावली किती वाजता रस्ता ओलांडते,
कुठला फुलवाला सुट्टे देतो,
कुठलं शौचालय बायकांना सांगण्यासारखं आहे.
आत काय आहे ते लोकांच्या चेहऱ्यावरून कळतं,
काही ओले येतात, काही नुसते घामेजलेले.

एकदाच गेलो होतो. गंगैकोंडचोळपुरम.
एका आजींचा चष्मा मागच्या सीटवर राहिला,
तो घेऊन धावलो, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून
उड्या मारत.
दारात तो दगडी रखवालदार उभा,
हजार वर्षं, एक बोट वर करून.
मला वाटलं, मलाच थांबवतोय.
थांबलो. चष्मा तिथूनच हात लांब करून दिला.
आजी म्हणाल्या, आत ये की रे.
मी म्हटलं, गाडी उघडी आहे.
गाडीला कुलूप होतं.

माझी आई, सेल्लम्माळ, त्याच आवारामागे
शेळ्या चारायची लहानपणी.
राजाने गंगेचं पाणी आणून तळ्यात ओतलं
हे तिला शेळ्यांइतकंच खरं होतं.
मी विचारायचो, देऊळ कसं आहे आतून?
ती म्हणायची, मोठ्ठं. आणि पुढे काही नाही.
बराच उशिरा लक्षात आलं
की तीही आत गेली नव्हती.
का, ते मी विचारलं नाही,
आणि आता विचारायला ती नाही.

ते तुमच्या चौथ्या दिवशी येतंय.
सकाळी आठ ते साडेबारा मी मोकळे ठेवले आहेत,
यादीत समोर काही लिहिलेलं नाही,
छापायची चूक समजू नका.
त्या दिवशी चपलांपाशी मी बसणार नाही.
तुम्हीच पिशवीत घ्या, किंवा दोन रुपये द्या त्या म्हातारीला.
मी जरा पुढे जाऊन येईन म्हणतो,
तुमच्या मागून,
तुम्हाला चालणार असेल तर.

पाचवा दिवस परतीचा. स्टेशनवर सोडेन.
एसी चढावरही चालू राहील.
टोल वेगळा.