बिनकाट्याचं

गुरुसिद्ध म्हणाला, हे पण घायपातच.
मी हसले.
घायपात मी पाहिलंय, कुंभारीच्या रस्त्याला, बांधावर,
टोकाला दाभण लावून उभं.
शेळीसुद्धा त्याच्यापासून लांबून जाते.
आणि हे? ह्याच्या टोकाला बोट लावलं
तर बोटच टोचेल ह्याला.

महापालिकेच्या बागेतून रिटायर होताना
त्यानं दोनच वस्तू घरी आणल्या,
खुरपं, आणि कागदात गुंडाळलेलं हे पिल्लू.
मूळ धड नाही, माती नाही.
"ठेव राजव्वा. मरत नाही सहसा.
फक्त लाड करू नको."

आता पानाशी कसं वागायचं
हे मला कोण शिकवणार?
चाळीस वर्षं तेंदूचं पान माझ्या मांडीवर.
रात्री भिजवायचं, गोणपाटात निजवायचं,
सकाळी ते नरम, शहाणं,
फर्मा ठेवला की कात्रीखाली मुकाट.
पान म्हणजे पाणी, एवढं मला पाठ.
म्हणून पाचव्या दिवशी नळ आला
की घागरीच्या आधी एक तांब्या त्याला.

श्रावणात बुडखा मऊ पडला.
खालचं पान ओढलं तर हातातच आलं,
उकडलेल्या कांद्यासारखं.
गुरुसिद्धनं वास घेतला, बोलला काही नाही.
कुजकं तेवढं कापलं
आणि चार दिवस सावलीत आडवं टाकलं, उघड्या जखमेनं.
"आधी जखम वाळते. मूळ मागनं येतं."
चीक लागून माझं मनगट दोन दिवस खाजलं.
चला, म्हटलं, अगदीच गरीब नाही हे.

मग विटांचा चुरा, वाळू, थोडी माती.
आणि माझी दुसरी चूक.

बिनपाण्याचं झाड म्हणजे उन्हाचंच असणार,
असं धरून मी ते पत्र्यावर चढवलं, वैशाखात.
सोलापूरचं ऊन. दुपारी तीनला
विडी घरकुलातलं कुत्रंसुद्धा
मोरीत जाऊन बसतं.
संध्याकाळी बघते तर दोन पानांवर
इस्त्री ठेवून विसरल्यासारखे चट्टे.
ते गेले नाहीत. ते जात नसतात.
पान म्हातारं होऊन गळेल
तेव्हाच जातील, त्याच्यासोबत.

ब्रँचमध्ये असलं पान छाट.
चेकर दंडय्या हजारातल्या साठ विड्या
बोटाच्या टोकानं बाजूला सारायचा,
पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.
ह्या झाडाला तसं जमत नाही.
डागाचं पान धरूनच ते वर चढतं,
नऊ वर्षांत माझ्या गुडघ्याएवढं,
मान थोडी उजवीकडं, जिन्याखाली,
जिथं सकाळचं ऊन येतं आणि दुपारचं येत नाही.

खरी गोष्ट मधोमध आहे.
तिथं एक सुरळी असते, गच्च, टोकदार,
दोऱ्याविना वळलेली.
पहिल्यांदा दिसली तेव्हा बोटं आपोआप गेली
बघायला, वळण बरोबर आहे का.
बरोबर होतं. माझ्यापेक्षा बरोबर.
आयुष्यभर मी सपाट पानं वळली.
हे वळलेलंच जन्मतं,
आणि मग रोज थोडं थोडं
आपलं आपण सुटत जातं.
एकदा मी घाई केली, नखानं सोडवायला गेले.
चुरगळलं. त्याची घडी अजून आहे त्या पानावर.

फूल एकदाच येतं म्हणे,
कोल्ह्याच्या शेपटासारखं, वाकलेलं.
आणि फुललं की तो गड्डा संपतो.
कधी, ते मी विचारत नाही.
बुडाशी तीन पिल्लं आहेत, तेवढं बघून ठेवलंय.

शेजारची तायव्वा सूप घेऊन येते, तंबाखू झाडत विचारते,
काय उपयोग गं ह्याचा?
दोर होत नाही, विडी होत नाही,
शेळी खात नाही.
मी सरकून जागा केली.

बसली ती. हात पदराला पुसला,
एका पानाखाली घातला,
आणि बोलता बोलता
काढायचा विसरली.