खाचेतली तार

पारोळ्याला हायवेवर, पंक्चरवाल्याच्या पत्र्याला लागून
मुनाफमामूचं दुकान. पाटीवर 'कुशन' एवढंच वाचता येतं,
पुढचं ट्रकच्या धुळीनं खाल्लं.
मामूचा आजा धनुकली खांद्यावर टाकून
गावोगाव कापूस पिंजायचा.
मामू म्हणतो, आता कापूस जिनिंगला जातो
आणि आपल्याकडे येतो फोम,
ज्याला ना सरकी, ना खोकला.

पहिल्या दिवशी त्यानं मला कात्री दिली नाही.
सीटची गादी मांडीवर ठेवली, उघडी, पिवळट.
भिकन, म्हणाला, हात फिरव.
दोन उंचवटे, मधे खाच,
खाचेच्या तळाशी फोमात गाडलेली तार,
बोटाला लागते न लागते.

"चामडं आळशी असतं भो.
या टेकाडावरून त्या टेकाडावर
सरळ जायला बघतं, खाली उतरत नाही.
त्याला उतरवायचं.
तिथंच धरायचं."

धरायचं म्हणजे रिंगांनी.
कव्हरच्या पोटात शिवलेल्या पट्टीतली एक तार,
फोमातली दुसरी,
पक्कड दाबली की रिंग दोघींच्या गळ्यात पडते,
कट्ट.
वरून काही दिसत नाही. दिसू नये.
गिऱ्हाईक फक्त म्हणतं, लाइन काय मस्त बसली!

पुण्याकडे वाफेचं मशीन लागतं म्हणे,
आमच्याकडे एप्रिल आहे.
चामडं पत्र्यावर दहा मिनिटं टाकलं
की मळलेल्या कणकेसारखं ऐकायला लागतं.

लोटन बोरसेची इनोव्हा आली
आखाजीच्या चार दिवस आधी.
लग्नाच्या भाड्याला लावायची होती.
तांबूस चामडं, जळगावहून त्यानं स्वतः निवडून आणलेलं.
मामू डोळ्याच्या कॅम्पला धुळ्याला.
रात्रीचे अकरा, पक्कडीनं तळहाताला फोड,
रिंगा संपत आलेल्या
आणि सोल्युशनचा डबा समोर उघडा.
पाठीच्या खाचेत मी नुसता ब्रश फिरवला,
चामडं दाबलं, मुठीनं, कोपरानं, गुडघ्यानं.
बसलं.
सकाळी लोटननं शंभराची नोट जास्तीची दिली.
घेतली.

मे महिन्यात तो परत आला.
भांडला नाही. दार उघडलं,
अंगठा पाठीवर ठेवला नि दाबला.
फुस्स.
चामडं खाचेवरून उठलेलं
भाजलेल्या पापडासारखं.
"नवरीनी मावशी इचारे,
आतमा हवा भरेल शे का?"

मामूनं माझ्याकडे पाहिलं नाही.
ऑपरेशनचा काळा चष्मा घालून गाडीत शिरला,
बोटाच्या गाठीनं पाठीवर टकटक करत गेला,
टरबूज निवडावं तसा.
इथं. इथं. इथंपण.
मग माझ्या हातात रिंगांचा नवा डबा.
"सोल्युशन गोड बोलतं, भिकन.
ऊन तापलं की विसरतं."

उसवलं.
जिथं सुटलं होतं तिथं सहज आलं,
जिथं धरलं होतं तिथं फोमची साल घेऊन आलं.
ती साल नखानं काढण्यात दीड दिवस गेला.
सीटच्या फटीत अक्षता सापडल्या, हळदीच्या,
त्या मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवल्या.
का, ते माहीत नाही.

एकोणीस रिंगा. मोजून.
लोटननं पाकीट काढलं, मामूनं हात आडवा केला.
मी शंभराची नोट पुढे धरली.
ती मात्र त्यानं घेतली, घडी घातली,
वरच्या खिशात ठेवली.

आता रात्रीच्या एसटीत बसलो
की माझं बोट आपोआप समोरच्या सीटच्या पाठीत जातं.
परवा एरंडोल सोडल्यावर असंच दाबलं,
रेक्झिन पोकळ.
पुढचा डुलकीतला म्हातारा दचकून वळला,
काय रे भो?

काही नाही बाबा, म्हटलं,
तुमच्या पाठीमागं कुणीतरी घाई केलीय.